अंबादासरावांचा वापसा

अंबादासराव वकिलांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते कासीमभाईंच्या कापडदुकानात. वैशाखातली दुपार होती. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला पोट टेकून पडली होती. आणि शेरवानीची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेले हे गृहस्थ रजई मागत होते.

कासीमभाईंनी हातातला पंखा खाली ठेवला. "क्या जी वकीलसाब, वर आग पडायलीय अन् तुमी रजई मागायलात?"

"म्हणूनच मागायलोय. मार्गशीर्षात तुम्ही मला ओळख तरी दाखवाल का?"

"तबियत ठीक है ना?"

"तबियत ठीक आहे. भाव ठीक सांगा."

रजई स्वस्त मिळाली. ती काखेत मारून, घाम पुसत, लढाई जिंकल्यासारखे ते उन्हात निघून गेले. मार्गशीर्षात काशीताईंनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या विधवा बहिणीनं, रजई पेटीतून काढली तेव्हा कसरीनं तिची चाळण केली होती. काशीताईंनी ती उजेडाकडं धरली. "दादा, स्वस्त आहे खरी. आरपार थंडी दिसायलीय."

अंबादासराव शांतपणे म्हणाले, "हिशेब बरोबर होता. कसर मधे आली."

मी त्यांचा शेजारी. सरकारी शाळेत मास्तर. हे वाक्य तेव्हा मी हसून सोडून दिलं. पुढं ते मला फार वेळा, फार वेगवेगळ्या प्रसंगी ऐकायचं होतं.

गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव होतं. अंबादासरावांचीही अशीच दोन रूपं होती. अदालतीत ते अस्खलित उर्दूत बोलत, मुन्सफसाहेबांपुढं नेमकं किती वाकायचं हे त्यांना ठाऊक होतं, आणि अव्वल तालुकदारांच्या, म्हणजे इंग्रजी मुलखात ज्याला कलेक्टर म्हणतात त्यांच्या, दरबारात त्यांची खुर्ची दुसऱ्या रांगेत असे. पहिल्या रांगेत जहागीरदार बसत. दुसऱ्या रांगेतल्या माणसाचं सगळं आयुष्य पहिलीकडं बघण्यात जातं. घरी मात्र ते ओट्यावर उघड्या अंगानं बसून तपकीर ओढत आणि सोलापूरचं वर्तमानपत्र वाचत. ते पत्र बार्शीमार्गे, निजामाच्या करोडगिरी, म्हणजे जकात, नाक्यावर अडत-अडत, शिळं होऊन यायचं. पहिलं पान ते बघतही नसत. शेअरचे भाव असलेलं पान गुडघ्यावर पसरत आणि पोथी लावल्यासारखं मोठ्यानं वाचत. वाचता वाचता उजव्या हाताची चिमूट हवेत धरून अंगठा बोटांवर चोळत.

ही चिमूट त्यांच्या वडिलांची. वडील लोहारा गावाकडचे, मोठ्या काळ्या रानाचे मालक. पाऊस उघडला की ते रानात जाऊन चिमूटभर माती चोळायचे. चिकटली तर थांबायचे, भुगा झाला तर हळहळायचे, आणि मधली, ओलसर पण मोकळी लागली की म्हणायचे, "वापसा झाला. घाला पेरा." अंबादासरावांनी रान बटईनं, वाट्यावर, कुळाला दिलं होतं आणि रानात ते फक्त हुरड्याला जात. पण वडिलांची चिमूट त्यांना वारशात आली होती, आणि वडिलांचा शब्दही. कुठल्याही गोष्टीला ते एकच उत्तर देत. अपील कधी दाखल करायचं? "अजून वापसा नाही." नात्यातल्या मुलीचं स्थळ बघायला कधी जायचं? "अजून वापसा नाही." ओट्याची फुटकी पायरी त्यांच्या घरी बरीच वर्षं फुटकीच होती, तिचाही वापसा झाला नव्हता.

त्यांचा सिद्धांत त्यांनी मला पहिल्या भेटीतच ऐकवला.

"मास्तर, शेअर म्हणजे काय? पीक आहे. ज्वारीला हस्त, हरभऱ्याला स्वाती, तसं सिमेंटला मृग."

"मृगात सिमेंट पेरायचं?"

"पावसाळ्यात कोणी घर बांधतं का? नाही. सिमेंट कंपनीचा शेअर बिचारा कोपऱ्यात बसून राहतो. तेव्हा घ्यायचा. दिवाळी झाली की सगळा हिंदुस्थान बांधायला काढतो. होळीला विकून मोकळं व्हायचं. कापडगिरणीचा शेअर लग्नसराई संपल्यावर घ्यायचा, लोकांना पुन्हा कपडे आठवले की द्यायचा. साखरेचा, ऊस फडात उभा असताना. प्रत्येक धंद्याचा एक मोसम असतो. दलाल लोक धंदा बघतात. मी मोसम बघतो."

"पण हे मुंबईच्या दलालाला माहीत नसेल का?"

"असेल की."

"मग तोही मृगातच घेईल. सगळ्यांनीच मृगात घेतलं तर मृगात स्वस्त राहील कसं?"

त्यांनी चिमूट चोळली. "पावसाळ्यात छत्री महाग होते, हे माहीत नसलेला माणूस दाखवा. आणि माघात छत्री घेणारा माणूस दाखवा." मग म्हणाले, "दुसरा तुमच्यासमोर बसलाय."

खरोखरच ते दरवर्षी माघात बार्शीहून नवी छत्री आणत. घरात कोऱ्या छत्र्या इतक्या झाल्या होत्या की पावसात भिजायला त्यांना कारण उरलं नव्हतं. तरी भिजत. कोरी छत्री पहिल्याच पावसात काढायची त्यांना जिवावर येई.

त्यांच्या उत्तरात काहीतरी खोट आहे हे मला कळत होतं, पण कुठं, ते सापडत नव्हतं. कारण त्यांचं सगळं खरं ठरत होतं. युरोपात लढाई पेटली होती. ते मृगात सिमेंट घेत, होळीला भाव चढलेला असे. ज्येष्ठात गिरणी घेत, दसऱ्याला भाव चढलेला असे. मधल्या काळात त्यांनी काही घेतलं नाही त्या कंपन्यांचेही भाव चढत, पण तिकडं कोण बघतो? सैन्याला कापड लागत होतं, सिमेंट लागत होतं, साखर लागत होती, आणि बाराही महिने लागत होतं. आम्ही सगळे ज्याला मोसम समजत होतो, ते युद्ध होतं.

काशीताईंकडं मात्र असल्या समजुतींना वेळ नव्हता. त्या मुलींची शाळा चालवत. चालवत म्हणजे, एका आडत्याच्या गोदामाच्या ओसरीत सकाळी मुली गोळा करून त्यांना मराठी लिहायला-वाचायला आणि गणित शिकवत. खाजगी मराठी शाळेला सरकारी परवानगी मिळवणं त्या काळी सोपं नव्हतं. ती अंबादासरावांनीच मिळवून दिली होती, आणि हे त्यांचं देणं मी नाकारणार नाही. पण ओसरीलाही मोसम होता. ज्वारीच्या राशी झाल्या की गोदाम भरून पोती ओसरीवर येत आणि मुली अंगणात जात. अंगणात ऊन आलं की मुली घरी जात. आणि घरी गेलेल्या मुलींपैकी काहींची लग्नसराईत लग्नं होऊन जात.

त्यात दुसरी अडचण अशी, की ओसरी बाजाराच्या तोंडाला, तीन बाजूंनी उघडी. लहान मुलींचं ठीक. दहा-बाराच्या पुढची मुलगी, मग ती मराठ्याची असो, ब्राह्मणाची असो की मुसलमानाची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी बसवायला कोणाचाच बाप तयार नव्हता. म्हणून काशीताईंना चार भिंती हव्या होत्या. इतकंच त्यांचं मागणं होतं.

त्यांची सगळ्यांत हुशार मुलगी जुलेखा. रजई विकणाऱ्या कासीमभाईंचं शेंडेफळ. कासीमभाई नमाजी माणूस, पण मुलीचं अक्षर गिऱ्हाइकाला दाखवायचे. ती तोंडानं फटकळ होती. एकदा अंबादासराव ओसरीवर येऊन मुलींना सिमेंटचा मोसम समजावू लागले, तर ही उभी राहून म्हणाली, "वकीलकाका, सिमेंट पेरल्यावर उगवायला किती दिवस लागतात?" सगळ्या मुली हसल्या. अंबादासरावही हसले, मोठ्या मनानं. आणि पुन्हा मृगापासून सुरुवात केली.

इमारतीसाठी फंड गोळा झाला. गावानं हात सैल सोडला होता. हिंदूंनी दिलं, मुसलमानांनी दिलं, आणि सगळ्यांत जास्त कासीमभाईंनी दिलं. कमिटी बसली. खजिनदार अर्थातच अंबादासराव. मी सरकारी नोकर असल्यानं मला कमिटीत बसायला बंदी होती, पण दाराशी बसून ऐकायला नव्हती. कोनशिलेचा समारंभ मात्र मी उजेडात बसून पाहिला. कमानी उभारल्या होत्या, बँड सोलापूरहून आणला होता, अव्वल तालुकदार मोटारीतून आले. त्यांनी रुप्याच्या थापीनं चिमूटभर चुना लावला. उर्दू आणि मराठीत कोरलेली शिला मोकळ्या जागेत बसली. तालुकदारसाहेबांना अत्तर लावलं गेलं. अंबादासराव त्या दिवशी पहिल्या रांगेत होते.

दुसऱ्या दिवशी काशीताई गवंडी घेऊन आल्या. अंबादासरावांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

"काशी, आता मृग तोंडावर आलाय. पावसाळ्यात बांधकाम काढतं का कोणी? आणि पैसे नुसते पडून कशाला ठेवायचे? सिमेंटमध्ये घालतो. होळीला काढू, दीडपट होतील, मग पक्की स्लॅबची इमारत बांधू."

"दादा, मला स्लॅब नको. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद पुरे."

"माळवद गळतं."

"गळू द्या. डोक्यावर तर गळेल. आता डोक्यावर काहीच नाही."

पण कमिटीला दीडपट हा शब्द आवडला. आणि होळीला अंबादासरावांनी तो खरा करून दाखवला. गावात त्यांचा जयजयकार झाला. काशीताई पुन्हा गवंडी घेऊन आल्या. तेव्हा असं निघालं की, ज्या सिमेंटच्या शेअरवर फंड वाढला होता ते सिमेंट आता बांधायला फार महाग झालं आहे. शिवाय लढाईमुळं परवान्याशिवाय मिळत नाही. दगडमातीचं बांधावं, तर एवढ्या फंडाला ते हलकं दिसतं.

"पावसाळ्यात उतरेल भाव," अंबादासराव चिमूट चोळत म्हणाले. "अजून वापसा नाही. तोवर साखरेत ठेवू."

असं ते सुरू झालं आणि मग थांबलं नाही. साखरेतून कापडात, कापडातून परत सिमेंटात. फंड वाढत गेला. गावाला फंडाचं वेड लागलं. बाजारात भेटणारा माणूस काशीताईंना "शाळा कशी चाललीय" असं विचारीनासा झाला, तो अंबादासरावांना गाठून "फंड कसा आहे?" असं विचारू लागला, घरातल्या बाळंतिणीची चौकशी करावी तसा. लांबच्या ईट गावापासूनचे शेतकरी कोर्टाच्या तारखेला आले की अदालतीतून येताना ओट्यापाशी थांबून म्हणत, "वकीलसायेब, फंड लई वाढला म्हणं." "व्हय," अंबादासराव त्यांच्याच बोलीत म्हणत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वडिलांच्या भरलेल्या रानाचा उजेड पडे. त्यांनी त्यातला एक पैसाही स्वतःसाठी घेतला नाही. मुंबईच्या दलालाला तार करायला बार्शीला जात तो खर्चही पदरचा. लबाड माणसाला गावानं एव्हाना धरलं असतं. प्रामाणिक माणसाला धरायला काही हत्यारच नव्हतं.

जुलेखाला बारावं सरत आलं तेव्हा कासीमभाई काशीताईंकडं आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, पोरगी ऐकंना. शिकायचं म्हणायली. पण आता उघड्यावर बसवू कशी? बिरादरी बोलायली. चार भिंती करा, मी भेजता हूँ. कोणाच्या बापाला भीत नाही."

"भिंती येईपर्यंत तरट लावलं तर?" काशीताईंनी विचारलं. "तिन्ही बाजूंनी. चालेल?"

कासीमभाईंनी टोपी उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली. "परदा तो परदा है. हौ, चलता."

काशीताईंनी आडत्याकडून फाटकी पोती आणली, उसवली, धुतली, मुलींकडून शिवून घेतली. जुलेखानं त्याच्या कडेला निळ्या दोऱ्यानं टाका घातला. ओसरीच्या खांबांना सुतळीनं पडदे बांधले. आत गवताचा आणि ज्वारीचा वास यायचा, उजेड गाळून आल्यासारखा यायचा, आणि पहिल्यांदाच मोठ्या मुली मोकळ्या आवाजात पाढे म्हणत होत्या. रस्त्यानं जाणाऱ्याला नुसता आवाज ऐकू येई. जुलेखाबरोबर मोठ्या वयाच्या आणखी काही मुली परत आल्या. मला वाटतं काशीताई आयुष्यात सुखी होत्या त्या एवढ्याच दिवसांत.

मग कमिटीची सभा भरली. शिक्षण खात्याचे मोठे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, यायचे होते. अंबादासराव उभे राहिले.

"आपल्या फंडाचं नाव हैदराबादेपर्यंत गेलंय. साहेब येणार ते फंड ऐकून. आणि आपण त्यांना काय दाखवणार? गोणपाट? एवढा फंड असलेल्या संस्थेला तरटाचे पडदे शोभत नाहीत."

"साहेब जाईपर्यंत काढते," काशीताई दारातून म्हणाल्या. बाईमाणूस म्हणून त्याही माझ्यासारख्या दाराशीच होत्या.

"साहेबांचं नाही, काशी. इज्जतीचं आहे. आज तरट लावलं की लोक म्हणतील, चाललंय की यांचं तरटावर. मग इमारतीची कोणाला घाई?"

मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहिलो. घाई हा शब्द त्यांनी खरोखर मनापासून उच्चारला होता.

पडदे उतरवायच्या बाजूनं हात वर करायची वेळ आली. एकेक हात वर गेला. कमिटीत कासीमभाईही होते, त्यांचा हात अजून खालीच होता. जुलेखासाठी तो पडदा होता, हे सभेत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा अंबादासरावांकडं, आणि हळूच हात वर केला. "वकीलसाब बराबर बोलतेत," ते खाली बघत म्हणाले. "इतनी बड़ी रकम है. इज्जत का सवाल है. होळीला तर इमारत होणारच है ना?"

"होळीला," अंबादासराव म्हणाले.

पडदे जुलेखानंच सोडले. घडी करून काशीताईंच्या हातात दिले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. त्याच लग्नसराईत तिचा निकाह झाला, हैदराबादेत, एका घड्याळजीशी. मुलगा चांगला होता. सगळे म्हणाले, योग्य वेळी झालं.

मुआयन्याचे साहेब त्या वर्षी आलेच नाहीत. त्यांची बदली झाली होती.

लढाई संपली. अंबादासरावांनी नेमाप्रमाणं शेअर घेतले, आणि नेमाप्रमाणं मोसम आला. भाव आला नाही. "उशीर झालाय," ते म्हणाले. पुढच्या मोसमात भाव आणखी उतरला. "हिशेब बरोबर आहे, कसर मधे आलीय." मी एकदा धीर करून म्हणालो, "वकीलसाहेब, आहे त्यात विकून माळवद तरी घाला." त्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं.

"मास्तर, उभं पीक वाळायला लागलं म्हणून कापून टाकता का तुम्ही? यंदा श्रावण दोन आहेत. अधिक मास. सगळंच महिनाभर मागं सरकणार. मुंबईचे दलाल इंग्रजी कॅलेंडर बघतात, त्यांना हे कळत नाही. घाबरून विकायलेत."

मी आयुष्यात बरंच वाचलं आहे, पण घसरत्या बाजाराची जबाबदारी अधिक मासावर टाकलेली मी दुसरीकडं कुठं वाचली नाही. आणि खरं सांगायचं तर कमिटीला ते पटलं. पंचांगात होतं ना.

त्याच श्रावणात इंग्रज गेला आणि आमच्याकडं निजाम राहिला. पुढचं वर्ष कसं गेलं ते आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. बार्शीचा रस्ता बंद झाला, रझाकारांचे तळ पडले, आणि बरीच हिंदू घरं आडवाटेनं सरहद्द ओलांडून बार्शीच्या कँपात गेली. अंबादासराव गेले, काशीताई गेल्या, नोकरी सोडून मीही गेलो. कँप म्हणजे बांबू आणि तरट. भिंती तरटाच्या, दार तरटाचं, मोरीचा आडोसा तरटाचा. त्यात अंबादासराव सतरंजीवर शेरवानी घालून बसत. पहिल्या दिवशी काशीताईंनी त्यांच्यासमोर चहाचा पेला ठेवला, भोवती नजर फिरवली आणि म्हणाल्या, "दादा, शोभतंय हो तुम्हाला."

त्यांनी पेल्याला हात लावला नाही. मला वाटलं, लागलं. पण दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे तपकीर ओढत निघाले. आता तर तारघर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. करोडगिरी नाका नाही, शिळं वर्तमानपत्र नाही. ते रोज जात, भाव बघत, चिमूट चोळत परत येत. शेअर विकायची तार त्यांनी केली नाही. काशीताई तोवर शेजारच्या तरटामागं कँपातल्या मुली घेऊन बसलेल्या असत. तिथं कमिटी नव्हती, त्यामुळं शाळा चांगली चालली.

भाद्रपदात हिंदुस्थानचं सैन्य आलं, निजामी संपली, आम्ही परत आलो. त्या आठवड्यांत कोणी कोणाचं काय केलं हे गावाला पाठ आहे, आणि गाव ते बोलत नाही. कासीमभाईंचं दुकान फुटलं. फोडणाऱ्यांत दर ईदला त्यांच्याकडं शीरखुर्मा प्यायलेले होते. कमिटीतलेही असावेत, असं लोक म्हणतात. मी पाहिलं नाही, म्हणून मी म्हणत नाही. कासीमभाई काही दिवस अंबादासरावांच्या मागच्या खोलीत लपून राहिले होते. हेही अंबादासरावांच्या बाजूला लिहायला हवं. त्यांना ठेवून घ्यायला अंबादासरावांनी वापसा बघितला नव्हता.

पुढं माघात कासीमभाईंनी मोडकं दुकान आणि घर मिळेल त्याला देऊन टाकलं. जुलेखा बापाला न्यायला आली होती. आम्ही तिघं येडशीच्या स्टेशनवर निरोप द्यायला गेलो. बार्शी लाइनची ती लहानशी गाडी, कुर्डुवाडीकडं जाणारी. अंबादासरावांच्या हातात नवी छत्री होती, मुठीवरचा कागदही तसाच होता.

कासीमभाई खिडकीशी बसले होते. वर्षभरात म्हातारे झालेले. अंबादासराव खिडकीपाशी गेले आणि हळू आवाजात, आपल्या माणसाला समजावतात तसं, म्हणाले, "कासीमभाई, थोडं थांबायला पाहिजे होतं. घर विकायचा हा मोसम नव्हता. वर्षभरात भाव आला असता."

काशीताईंनी मान फिरवली. मला वाटलं, आता हा माणूस थुंकेल, शिव्या देईल, रडेल. कासीमभाईंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून अंबादासरावांचा हात धरला आणि खरोखरच्या काळजीनं विचारलं, "और फंड, वकीलसाब? फंड सलामत है ना?"

अंबादासरावांचा चेहरा उजळला. "सलामत आहे. होळीनंतर बघा तुम्ही. नवं राज्य आलंय, सगळा हिंदुस्थान बांधायला काढील. सिमेंट उठणार."

"अल्ला करे," कासीमभाई म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. सगळं गेलं होतं, पण कुठंतरी आपलं काहीतरी वाढतंय, एवढं त्यांना पुरेसं होतं.

जुलेखा आतल्या बाजूला बुरख्यात होती, मांडीवर लहान मुलगी. अंबादासरावांनी वाकून तिच्याकडं पाहिलं. "जुलेखा, काळजी करू नको. तू नाही, तर ही तुझी पोरगी शिकेल त्या इमारतीत."

"हैदराबादेहून यायची का ती रोज?" काशीताई म्हणाल्या.

जुलेखानं तोंडावरचा पडदा वर केला. ती अंबादासरावांकडं बघतच नव्हती. "बाई," तिनं विचारलं, "माझे पडदे आहेत का अजून?"

काशीताईंनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. "नाहीत गं. आडत्यानं परत नेले. पुन्हा पोती शिवून ज्वारी भरली त्यात."

"निळ्या टाक्याचे पण?"

"तेसुद्धा."

तिनं पडदा खाली घेतला. गाडी हलली. बार्शी लाइनच्या गाडीचा वेग इतका कमी, की निरोप संपल्यावरही माणसं बराच वेळ समोर राहतात आणि कुठं बघावं ते कळत नाही. अंबादासराव गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले, कासीमभाईंना काहीतरी समजावत. बोटं चोळून दाखवत होते, एवढं दिसलं.

काशीताई आणि मी बाहेर येऊन धाराशिवच्या सर्व्हिस मोटारीत बसलो. मोटार भरली. क्लीनरनं हँडल मारलं आणि आत डोकावून म्हणाला, "काशीबाई, तुमचे दादा ऱ्हायले की मागं. थांबू का?"

काशीताई समोर बघत होत्या. "नको. चल तू. त्यांचा अजून वापसा व्हायचाय."

मोटार सुटली. वळणावर मी मागं पाहिलं. गाडी दिसेनाशी झाली होती, फलाट रिकामा होता. अंबादासराव टोकाला तसेच उभे होते, कोऱ्या छत्रीच्या मुठीवरचा कागद काळजीपूर्वक नीट करत. आभाळात एकसुद्धा ढग नव्हता.